बाळंतिणीच्या खोलीतला अलार्म

आमच्या भावकीत पदवी मिळवलेला पहिला माणूस मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. बी.एस्सी., रसायनशास्त्र, दुसरा वर्ग. इगतपुरीकडच्या आमच्या गावातून नाशिकला येऊन, खोली करून, हातानं भात शिजवून मिळवलेली. आणि आमच्या कॉलनीत घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणारा पहिला माणूसही मीच. पुढे जे झालं ते या दोन्ही गोष्टींमुळे झालं, म्हणून दोन्ही आधीच सांगून टाकल्या.

नव्वद सालानंतर लगेचच मी अंबडच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागलो. तिथे लोखंडाचे पार्ट भट्टीत घालून कडक करायचं काम चालायचं. भट्टीत जो वायू सोडायचे त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो, आणि आपण गुदमरतोय हे गुदमरणाऱ्याला कळतसुद्धा नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, संपलं. त्यामुळे भट्टीच्या चारी बाजूंना भिंतीवर अलार्म होते. नवीन कामगार आला की त्याला हे समजावून सांगायचं काम माझं. मी ते रंगवून सांगायचो. ऐकून पोरं भट्टीकडे बघत पाणी प्यायची.

दोन हजार सालानंतर कंपनीत एक नवी भट्टी आली आणि ती चालू करून द्यायला एक परदेशी इंजिनिअर आला. दीड महिना राहिला. जाताना त्यानं कुणाला पेन दिलं, कुणाला बाटली दिली. मला त्यानं एक पांढरी चपटी डबी दिली. म्हणाला, आमच्याकडे प्रत्येक घरात असते, तुला कळेल हिचा उपयोग. ‘तुला कळेल’ हे शब्द मी त्या आठवड्यात किती जणांना सांगितले त्याचा हिशेब नाही.

पाथर्डी फाट्याजवळ माझा फ्लॅट होता. हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली. आतल्या खोलीसमोर बोळ आणि बोळात बाथरूम. डबीबरोबर इंग्रजी कागद होता. मी तो पेन्सिलीनं खुणा करत वाचला. माणसं झोपतात तिथे लावा. डोक्याच्या उंचीला लावा. शेगडीच्या अगदी जवळ नको, वाफ येते तिथे नको, पडद्यामागे नको. आठवड्यातून एकदा बटण दाबून तपासा. बायकोला तो हॉलमध्ये टीव्हीच्या वर हवा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मी तिला कागदातली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि वर म्हणालो, “तुला इंग्रजी कळत असतं तर ही वेळ आली नसती.” ती दहावी. उठून स्वयंपाकघरात गेली.

ड्रिलनं दोन भोकं पाडली, आतल्या खोलीच्या दाराजवळ डबी बसवली, मागच्या बाजूला चौकोनी बॅटरी घातली आणि बटण दाबलं. चार कर्कश किंकाळ्या, मग थोडी शांतता, परत चार. शेजारच्या बायका पळत आल्या. त्यातल्या एका काकूंनी उदबत्ती पेटवून डबीखाली धरली. डबी ढिम्म.

“अहो भाऊजी, नाकाखाली धूर घातला तरी गप्पच आहे की ही!”

“ही धूर पकडत नाही. ज्याला वास नाही, रंग नाही, तेच पकडते.”

“मग बरंय,” काकू म्हणाल्या. “वासाचं आम्ही बघतो, बिनवासाचं तुम्ही बघा.”

सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. अडाणी माणसाला विज्ञान समजावून सांगताना हसू नये, नाहीतर तो बरोबरी करायला लागतो, असं तेव्हा माझं मत होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरचं. माहेर खरं तर गावी, पण तिथे ना दवाखाना ना धड रस्ता, म्हणून ती माझ्याकडे आली. तिचं सासर मनमाडचं. नवरा रेल्वेत.

बहीण सातवीपर्यंत शिकलेली. मी कॉलेजला गेलो त्या वर्षी आईनं तिला शाळेतून काढलं. भाताच्या लावणीला एक माणूस कमी पडत होतं, ते माणूस मी होतो. माझ्या जागी ती चिखलात उभी राहिली. गावातले लोक हे मला पुढेही टोचून ऐकवायचे. मी त्यांना सांगायचो, दोघांपैकी एकालाच शिकवता येत होतं, आणि हुशार मी होतो. यात खोटं काही नव्हतं. पण ती किती हुशार होती हे बघायला कुणी थांबलं नव्हतं.

मुलगा झाला. पाचव्या दिवशी बहीण दवाखान्यातून घरी आली आणि त्याच दिवशी गावाहून आई आली. पत्र्याची पेटी, डिंकाचे लाडू, ओवा-शेपांच्या पुरचुंड्या, एक लोखंडी शेगडी आणि कोळशाची पिशवी. एसटीच्या टपावर शेगडी चढवू देईना म्हणून ती कंडक्टरशी भांडली होती आणि शेगडी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या लुगड्याला काळे डाग पडलेले होते.

“आई, शहरात बाळंतिणीला शेक देत नाहीत आता.”

“शहरात बायांना हाडं नसत्यात का?” आई म्हणाली.

आमच्याकडची रीत अशी: बाळंतीण अंघोळ करून आली की खिडक्या-दारं लावून घ्यायची, फटींना गोधड्या लावायच्या, तिला बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं टाकायची. बाळंतिणीला घाम सुटला पाहिजे. वारा अजिबात लागता कामा नये. गावात हे सगळं चालून जायचं, कारण गावातल्या घरांना भिंती कुडाच्या आणि वर कौलं. दार लावलं तरी घर शंभर ठिकाणांहून श्वास घ्यायचं. माझा फ्लॅट सिमेंटचा होता.

मी दुसऱ्या पाळीला होतो, म्हणून सकाळी घरी असायचो. पहिल्याच शेकाला, बाजेखाली शेगडी सरकवून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, डबी किंचाळली. चार किंकाळ्या, शांतता, परत चार. बाळ दचकून रडायला लागलं. आई डबीकडे बघत तोंडाला पदर लावून उभी राहिली.

मी आत गेलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मी खिडकी उघडली, गोधडी ओढून काढली, शेगडी फडक्यानं धरून गॅलरीत नेली आणि निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं. वाफेचा लोट खाली रस्त्यापर्यंत गेला. शेजारच्या काकू त्यांच्या गॅलरीत आल्या. मला तेच हवं होतं.

“बघा काकू, ही आमची आई. नातवाला आणि लेकीला एकाच शेगडीवर भाजायला निघाली होती. नशीब, मशीन होतं.”

“मी तुम्हा तिघांना असाच शेक घेऊन वाढिवलं,” आई म्हणाली.

“तिघांना कुठे? दोघंच उरलो. तिसरा कशानं गेला ते विचारलंस का कधी कुणाला?”

माझ्या मागचा एक भाऊ अकरा दिवसांचा होऊन गेला होता. कशानं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण वाक्य तोंडात आलं आणि ते इतकं बरोबर बसत होतं की मी ते परत गिळलं नाही. आई खाली बसली. काकू गॅलरीतून आत निघून गेल्या. शेगडी मी दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकली.

इथपर्यंत मी बरोबर होतो. शेगडीचा वायू खरा होता, डबी खरी बोलली होती, दोन जीव वाचले होते. हे मी आजही मागे घेणार नाही. बोललो ते सोडून.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याशी थेट न बोलता सुनेला म्हणाली, “त्येला म्हनावं, शेक नाय तर नाय, पण न्हाणीत तरी वारा नको. वर ती काचंची खिडकी हाय, तिच्यातनं सुळसुळ वारा येतो. वली बाळंतीण हाय. हाडात शिरला म्हंजे जलमभर निघायचा नाय.”

जानेवारीतली नाशिकची थंडी, आईचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. शिवाय मला वाटलं, एवढं एक ऐकावं, म्हणजे म्हातारीचा राग जाईल. बाथरूमच्या वरच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर मी थर्माकोलचा तुकडा मापात कापून बसवला आणि चारही कडांना खाकी चिकटपट्टी मारली. काम नेटकं केलं. मी हात लावलेलं काम नेटकंच असतं. आईनं खाली उभं राहून बघितलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“आसं.”

त्याच बाथरूममध्ये, त्याच खिडकीखाली, माझा गॅस गीझर होता. आमच्या खानदानातला पहिला गीझर. गावी पाणी तापायचं ते अंगणातल्या चुलीवर. इथे नळ फिरवला की भप्प आवाज होऊन निळी ज्योत लागायची. निळी ज्योत म्हणजे स्वच्छ, कोळसा म्हणजे घाण, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. हवा पुरेशी मिळाली नाही तर निळी ज्योतही तोच वायू सोडते, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. कंपनीतल्या पोरांना मी भट्टीबद्दल दर महिन्याला तेच सांगत होतो. माझ्या बाथरूमला ते लागू होतं, एवढंच डोक्यात आलं नाही.

शेक गेला, त्याची भरपाई आईनं पाण्यानं करायची ठरवली. बहिणीला पाटावर बसवून अर्धा अर्धा तास कढत पाणी पाठीवर ओतायची. गीझर सलग चालू. आई दार अर्धं उघडं ठेवून आत-बाहेर करायची, कधी तेल आण, कधी हळद आण. म्हणून पहिले दोन दिवस निभावलं. दोघी बाहेर आल्या की डोकं धरून बसायच्या.

“नजर लागली पोरीला,” आई म्हणायची. “माझंबी टकुरं ठणकतंय.”

“चहा उशिरा मिळाला की तुझं टकुरं ठणकतं,” मी म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी अंघोळ झाली, बहीण खोलीत येऊन पडली, बोळातून वाफ तिच्यामागोमाग आली आणि डबी किंचाळली.

मी दाढी करत होतो. साबण तसाच तोंडावर ठेवून आत गेलो आणि बाजेखाली वाकून बघितलं. शेगडी नव्हती.

“कुठे लपवलीस?”

“काय रं?”

“शेगडी. दुसरी आणलीस ना? शेजारून आणलीस?”

“देवाशप्पत नाय रं. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगते, नाय.”

“मशीन खोटं बोलतंय का मग? तू खरी आणि मशीन खोटं?”

बहीण बाजेवरून उठून बसली. “दादा, शेगडी नव्हती. मी अंघोळीहून आत्ताच आले, तिनं काहीच पेटवलं नाही. अंघोळीचंच काही असेल का? तिथंच माझं डोकं जड होतं रोज.”

“तू सातवी पास आहेस,” मी म्हणालो. “तू गप राहा.”

ती परत बाजेवर आडवी झाली. तिथे, त्या घरात, त्या क्षणी, बरोबर उत्तर फक्त तिला आलं होतं.

मी आईची पेटी ओढली आणि फरशीवर उलटी केली. लुगडी, चोळ्या, लाडवांचा डबा, बाळाची टोपडी सगळं पसरलं. दारात बायको उभी होती, तिच्यामागे काकू. पेटीच्या तळाशी कोळशाची पिशवी निघाली. शेगडी भंगारात गेल्यावर उरलेले कोळसे आईनं परत न्यायला बांधून ठेवले होते. मी पिशवी वर उचलून सगळ्यांना दाखवली.

“हे काय मग? हे लाडू का?”

कोळसे थंड होते. थंड कोळसा वायू सोडत नाही, हे कळायला पदवी लागत नाही. पण मी पदवीधर होतो, आणि माझ्या हातात पुरावा होता.

आई खाली वाकली. पसरलेलं एक एक उचलून तिनं घडी घालून पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती निघाली. बहिणीनं तिचा पदर धरला. “बये, सव्वा महिना तरी थांब.”

“ज्या घरात माझी पेटी उलटी व्हती, तिथं माझ्या हातचं पाणी कशाला?” असं म्हणून तिनं बाळाच्या कपाळावर काजळाचं बोट टेकवलं आणि पायऱ्या उतरून गेली. मी खाली सोडायला गेलो नाही.

ती गेल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आई खोटी शपथ घेईल, हे काही केल्या पटेना. म्हणजे मशीनच बिघडलं असणार. आई खोटी किंवा मशीन बिघडलेलं, या दोनच गोष्टी मला सुचत होत्या, आणि दोन्हींमध्ये मी बरोबरच राहत होतो. मी डबी भिंतीवरून काढली, मागची बॅटरी काढून खिशात घातली. म्हटलं, कंपनीत नेऊन मोठ्या मीटरसमोर तपासू.

“दादा, ते का काढलं?” बहिणीनं विचारलं.

“बिघडलंय.”

“मग अंघोळ करू ना?”

“त्याचा आणि अंघोळीचा काय संबंध?”

ती बाळाला माझ्या बायकोजवळ देऊन बाथरूममध्ये गेली. पाणी ओतायला आई नव्हती आणि घरात भाऊ होता, म्हणून तिनं दाराला आतून कडी घातली. गीझर भप्प करून लागला. मी हॉलमध्ये पेपर वाचत बसलो.

काही वेळानं बायको बाळाला थोपटत बाहेर आली. “अहो, ताईंचा तांब्याचा आवाज येत नाही. नुसतं पाणी वाहतंय.”

“अंघोळ करतेय ती, भजन नाही की टाळ वाजले पाहिजेत.”

बायको परत गेली. मी अग्रलेख पूर्ण वाचला. मग तिनं दार वाजवल्याचा आवाज आला, मग जोरात वाजवल्याचा, मग तिची हाक, “ताई! ओ ताई!” आणि मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी उठलो.

कडी तीन धक्क्यांत निघाली. आतून गरम दमट लोट आला. बहीण पाटाशेजारी आडवी पडली होती, गाल फरशीला लागलेला, गीझर अजून निळा जळत होता. आणि मी दारात थांबलो. ती उघडी होती आणि मी तिचा भाऊ होतो. बायकोनं माझ्या हातात बाळ कोंबलं, मला बाजूला ढकललं, आत जाऊन टॉवेल टाकला आणि ओरडली, “आता तरी या!” मी थांबलो तो वेळ फार नव्हता. पण कंपनीतल्या पोरांना मीच शिकवायचो की अशा वेळी एक श्वाससुद्धा वाया घालवायचा नसतो.

तिला उचलून हॉलमध्ये आणली, मग रिक्षा, मग दवाखाना. तिचे ओठ आणि गाल गुलाबी दिसत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, “रंग तर चांगला आहे हो, शुद्धीवर येईल.” तो रंग त्या वायूनं चढवलेला होता, हे मला माहीत होतं. मी त्यांना समजावून सांगितलं नाही.

डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं: गीझर, बंद खिडकी. तिथे खोटं बोलणं परवडणारं नव्हतं. त्यांनी प्राणवायू लावला. जगेल, म्हणाले, पण मेंदूला किती मार बसलाय ते शुद्धीवर आल्यावरच कळेल. गावातल्या किराणा दुकानात फोन करून मी आईला निरोप दिला. दुसरा फोन मनमाडला.

मनमाडचे लोक दुपारच्या गाडीनं आले. बहिणीचा नवरा, आणि त्याची आई. नवरा काचेला कपाळ टेकून उभा राहिला. तो काही बोलणारा नव्हताच. सासूनं काचेतून सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय केलंत हो आमच्या सुनेचं?”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. माझ्या गीझरनं केलं, मी लावलेल्या थर्माकोलनं केलं, डबी सांगत होती तर मी तिची बॅटरी काढली. खिशात ती बॅटरी होतीच. बोलताना माझा हात तिच्यावर होता. मी म्हणालो, “आईनं शेगडी पेटवली होती. बंद खोलीत. मी किती सांगितलं, पण जुनी माणसं ऐकत नाहीत.”

“कुठं आहेत तुमच्या मातोश्री?”

“सकाळीच गावाला गेली.”

“पळाल्या म्हणा की!”

मी नाही म्हणालो नाही. बायको बाकावर बाळाला घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाळाची दुपटी सारखी करायला लागली. त्या एका बघण्यावर आमचा पुढचा सगळा संसार झाला.

आई संध्याकाळच्या आत आली. जीपमध्ये मागे लटकून आली होती, केस धुळीनं पांढरे झालेले. दवाखान्याच्या बोळात पाऊल टाकताच विहीणबाई तिच्यावर तुटून पडल्या. दवाखान्यातली इतर माणसं उभी राहून ऐकायला लागली.

“शेगडी लावून पोरीला मारायला निघालात आणि वर पळून गेलात? आणि आता हे ध्यान शुद्धीवर आलं आणि वेडं निघालं, तर सांभाळायचं कोणी? माझ्याकडे ठेवणार नाही, सांगून ठेवते. नातू आमचा आहे, तो आम्ही घेऊन जाऊ. पण हिला ज्यानं बिघडवलं त्यानं सांभाळायची, जन्मभर!”

आईनं आधी विहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरचा हात धुण्याच्या सूचनांचा तक्ता वाचत होतो. तिला समजायला फार वेळ लागला नाही.

“व्हय विहीणबाई,” आई म्हणाली. “शेगडी म्याच लावली. माझ्याच हातनं झालं. मी सांभाळीन.”

पोलीस आले, कागद झाले, अपघात म्हणून मिटलं; कागदात गीझरच होता, पण मनमाडच्यांनी ते कागद वाचायला मागितले नाहीत. बहीण तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. बोलायची, पण वाक्याच्या मध्येच थांबायची. हात थरथरायचे. बाळाला अंगावर घेतलं की थोड्या वेळानं विसरायची आणि हात सैल सोडायची. सव्वा महिन्यानं सासरचे आले, बाळाला नवीन कपडे घातले आणि घेऊन गेले. तिला गावी आईकडे पोचवलं. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं.

गीझर मी दवाखान्यातून परत आल्याबरोबर काढून टाकला होता. डबी कंपनीत नेऊन मोठ्या मीटरसमोर तपासली. चांगली होती.

दोन-अडीच वर्षं मी गावी जायचं टाळलं. पैसे पाठवायचो, पदवीधर माणसाला ते जमतं. मग एका उन्हाळ्यात गेलो. आई अंगणात बहिणीचे केस विंचरत बसली होती. बहीण उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून, फणीबरोबर मान हलवत होती. माझ्याकडे बघून हसली. “दादा, जेवलास?” म्हणाली, आणि परत दोन मिनिटांनी तेच विचारलं.

मी त्यांच्याजवळ बसलो. मग धीर करून म्हणालो, “आई, त्या दिवशी दवाखान्यात तू माझं नाव राखलंस. माझ्या तोंडून गेलं होतं, आणि तू...”

आईची फणी थांबली.

“तुझं नाव?” ती म्हणाली. “तुझं नाव राखाया मी खोटं बोलू? तू माझी पेटी उलटी केलीस, मेलेल्या लेकराचं नाव माझ्यावर घातलंस. तुझ्यासाठी मी तोंडबी उघडलं नसतं.”

“मग?”

“ती बाई काय म्हनली ऐकलंस ना? ज्यानं बिघडिवली त्यानं सांभाळायची. खरं बोलले असते तर हिला तुझ्या दारात आणून टाकली असती. तुझ्या घरात ही किती दिस जगली असती? सातवी पास म्हून गप बसिवलीस तू हिला, ती चांगली शानी व्हती तवा. आता ही काय बोलती ते कोन ऐकून घेतंय तुझ्या घरात? म्हून मी म्हनले मी केलं. पोर मला मिळाली.”

तिनं हे रागानं सांगितलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं आणि वेणी घालायला घेतली. ही दोन-अडीच वर्षं मी मनाशी धरून होतो की काही झालं तरी आईनं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. ते माझ्यासाठी नव्हतंच.

ऊन अंगणात पुढे सरकलं. आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बहिणीला उठवायला लागली. बहिणीचे पाय उचलत नव्हते, जमिनीवरून घासत होते. मी दुसऱ्या बाजूनं तिचा दंड धरायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “तिला माझ्या हाताची सवय झाली.”

दोघी ओट्यापर्यंत गेल्या, मधे दोनदा थांबल्या. मी अंगणात उभा राहून बघत होतो.